पाकिटावरचा पत्ता

मार्च २०१३ मध्ये पुण्यातून काही बड्या कंपन्यांना एक अनोखी भेट गेली. भेटीत होते वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि पाठवणाऱ्या होत्या शहरातल्या कचरावेचक बाया. मुहूर्त महिला दिनाचा निवडला होता. मोहिमेचा मथितार्थ एवढाच, की ज्याचा माल त्याला परत. घराघरांतून ओल्या-सुक्या कचऱ्यात तसेच उघडे टाकलेले नॅपकिन या बाया रोज हाताने वेगळे करत होत्या. वस्तू विकणाऱ्याने ती गुंडाळून टाकायला निदान एक पिशवी तरी द्यावी, अशी त्यांची मागणी होती. कंपनीचा पत्ता शोधायला कुठे जावं लागत नाही. तो कायद्यानेच पाकिटावर छापलेला असतो.

त्या पत्त्याचा इतका सरळ उपयोग त्याआधी कुणी केला असेल असं वाटत नाही. एरवी पाकिटावरचा बारीक मजकूर आपण वाचतो तो फार तर किंमत आणि तारखेपुरता. त्याच मजकुरात दोन गोष्टी दडलेल्या असतात. माल कुठून आला ही पहिली, आणि रिकामं पाकीट कुठे जाणार ही दुसरी. पहिलीबद्दल कायदा बराच बोलतो. दुसरीबद्दल पाकीट जवळजवळ गप्प असतं, आणि तिचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण सकाळी दार उघडून बादली देतो.

पुण्यात या बायांची संघटना उभी राहिली १९९३ मध्ये. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने. नाव ठेवलं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. नावातच धंद्याचा सगळा माल आला. महापालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली, उकिरड्यावर फिरणाऱ्या बाईला पोलिसाने हटकण्याचे प्रसंग त्यामुळे कमी झाले. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, घरटी महिन्याचं ठरलेलं शुल्क घ्यायचं आणि सुक्यातलं विकण्याजोगं विकून ते पैसे स्वतः ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद असलेल्या या संस्थेत बहुसंख्य बायका आहेत.

त्यांची छाननी जवळून पाहण्यासारखी असते. सोसायटीच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा महापालिकेने दिलेल्या शेडमध्ये पोतं रिकामं होतं आणि हात चालू लागतात. दुधाची पिशवी एका बाजूला, तेलाची पिशवी दुसऱ्या, पाण्याची बाटली तिसऱ्या. पिशवी चुरगाळली की येणाऱ्या आवाजावरून ती कुठल्या जातीची हे कळतं. मऊ राहिली तर एक भाव, कुरकुरली तर दुसरा. शंका आली तर पाण्याची परीक्षा असतेच. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, पाण्याच्या बाटलीचं पेट आणि पाइपांचं पीव्हीसी बुडतं. बाटलीचं झाकण काढून वेगळं ठेवायचं, कारण बाटली पेटची आणि झाकण बहुधा दुसऱ्याच प्लास्टिकचं असतं. प्रयोगशाळेत जी चाचणी घनतेच्या नावाखाली शिकवतात, ती इथे बादलीभर पाण्यात होते.

शिकलेला माणूस मात्र बाटली उलटी करतो आणि बुडाचा त्रिकोण शोधतो. तीन बाणांचं हे चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं होतं, तेही कागद-पुठ्ठ्याच्या पुनर्वापरासाठी. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने त्या त्रिकोणाच्या पोटात १ ते ७ आकडे घातले. हेतू होता कारखान्यात छाननी करणाऱ्याला प्लास्टिकची जात कळावी हा. १ म्हणजे पेट, २ म्हणजे शाम्पूच्या डब्याचं जाड पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ दुधाच्या पिशवीचं पातळ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ थर्माकोलचं पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. आकडा जात सांगतो. ती वस्तू खरोखर रिसायकल होईल असं वचन तो देत नाही. पण बाणांचा त्रिकोण पाहून ग्राहकाचं मन निश्चिंत होतं, आणि उद्योगाला त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. हा घोळ इतका वाढला की २०१३ मध्ये मानक ठरवणाऱ्या संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण करायला सांगितलं. जुने साचे मात्र अजून फिरत आहेत.

मग रिसायकल काय होतं? ज्याला भंगारवाला भाव देतो ते. इतकं रोखठोक उत्तर सरकारी पत्रकात सापडत नाही, पण व्यवहार तसाच चालतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काही वर्षांपूर्वी अंदाज बांधला होता, की भारतात पेटच्या सुमारे ९० टक्के बाटल्या कुठल्या ना कुठल्या मार्गाने पुन्हा वापरात येतात. यातल्या काही तर घरातच पाणी भरायला राहतात. हा आकडा श्रीमंत देशांना लाजवणारा आहे. त्यामागे पर्यावरणाची जाण किती हा प्रश्न वेगळा, पण बाटली वेचणारीला, छोट्या दुकानदाराला, मोठ्या गोदामवाल्याला आणि शेवटी दाणा किंवा धागा काढणाऱ्या कारखान्याला चार पैसे सुटतात, म्हणून साखळी तुटत नाही. त्या धाग्याचे पुढे टी-शर्ट, सतरंज्या आणि उशांचा भराव होतो.

आता याच्या शेजारी पाच रुपयांच्या वेफर्सचं पाकीट ठेवून पाहा. बाहेरून छापील प्लास्टिक, आत ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म मुलामा, मग पुन्हा प्लास्टिक. वेफर्स कुरकुरीत राहायला ही रचना झकास आहे. थर वेगळे करणं मात्र कुणाच्याच खिशाला परवडत नाही. शिवाय एका पाकिटाचं वजन मोजून काही ग्रॅम. किलोभर जमवायला शेकडो पाकिटं वाकून वेचावी लागतील आणि ती घेणारा भेटेलच असं नाही. त्यामुळे ती गटारात, नदीत, डोंगरावर जिथे पडतात तिथेच राहतात. गोव्यात अशी पाकिटं गोळा करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे जाळायला पाठवतात. उकिरड्यापेक्षा हे बरं, पण याला रिसायकलिंग म्हणता येत नाही. कोळशाच्या जागी प्लास्टिक जळालं, एवढाच त्याचा अर्थ.

दुधाच्या पिशवीची कथा या दोन्हींच्या मधली आहे. पिशवी उत्तम पॉलिथिनची, धुऊन वाळवून दिली तर हातोहात विकली जाते. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा या पिशव्या ५० पैसे देऊन परत घेण्याची योजनाही जाहीर झाली होती. पिशवी बंदीतून सुटली. परतीचे ५० पैसे मात्र घरोघरी कुणी मागितले नाहीत आणि दुकानदारानेही आपणहून दिले नाहीत. पण खरी गंमत पिशवीच्या कोपऱ्यात आहे. रोज सकाळी लाखो घरांत कात्रीने कोपरा कापला जातो आणि नखाएवढा त्रिकोणी तुकडा ओट्यावरून थेट मोरीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो. हा तुकडा कुणीही वेचू शकत नाही. तो खतात जातो, खतातून मातीत. चीर द्यायची पण तुकडा पिशवीला लटकता ठेवायचा, एवढं केलं की काम भागतं.

असंच एक नखाएवढं प्रकरण फळांचं. वॉशिंग्टन किंवा न्यूझीलंडच्या सफरचंदावर छोटं स्टिकर असतं, त्यावर चार आकडी क्रमांक. हा क्रमांक फळाची जात सांगतो. पाच आकडी असून सुरुवात ९ ने झाली तर फळ सेंद्रिय पद्धतीचं. आता आपल्याकडचा हापूसही या वाटेला लागला आहे. २०१८ मध्ये ‘हापूस’ला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्या पाच जिल्ह्यांचाच आंबा त्या नावाने विकता येतो. तरी कर्नाटकातली फळं ‘देवगड’ म्हणून पेटीत बसायची ती बसतच राहिली. वैतागून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळाला स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. क्रमांक पाठवला की फळ कुठल्या बागायतदाराचं हे कळतं. ग्राहकाच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. फक्त आंबा चोखून झाल्यावर सालीबरोबर ते स्टिकरही ओल्या डब्यात जातं. जुन्या काळी आंब्याची पेटी लाकडाची, आत पेंढा, आणि मूळ गाव सांगायला पेटीवरचा शिक्का. पेंढ्याचं खत व्हायचं, पेटीत पुढे वर्षभर कांदे राहायचे. खोटा शिक्का मारणंही तितकंच सोपं होतं, हे विसरून मात्र चालणार नाही.

मूळ कळावं आणि कचराही होऊ नये, या दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात ते वाण्याच्या दुकानात सर्वांत चांगलं दिसतं. सुटी डाळ कापडी पिशवीत घेतली तर पाकीट उरत नाही, पण ती तूर अकोल्याची की मोझांबिकची, मसूर मध्य प्रदेशाची की कॅनडाची, हे गोणीवर राहतं आणि गोणी आत असते. दुकानदाराला विचारलं तर तो ‘एक नंबर माल’ म्हणतो. पाकीटबंद डाळीवर निदान कुणाला जाब विचारायचा त्याचा पत्ता असतो.

तो पत्ता वाचायची मात्र थोडी सवय लागते. २०११ चे वजनमापविषयक नियम सांगतात की पाकिटावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. आयात माल असेल तर मूळ देशही हवा. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला असतो तो ब्रँड. ‘मार्केटेड बाय’ म्हणून मुंबईचं नाव मोठ्या अक्षरात असेल आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ समोर दुसऱ्याच राज्यातल्या औद्योगिक वसाहतीतला गाळा असेल, तर खाऊ त्या गाळ्यात तयार झालेला असतो. खाद्यपदार्थावर आणखी एक चौदा आकडी क्रमांक असतो, एफएसएसएआयच्या परवान्याचा. त्याची सुरुवात ११५ ने झाली तर परवाना महाराष्ट्रातला, १०० ने झाली तर थेट केंद्राचा.

याउलट बारकोडच्या नावाने जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते बाजूला ठेवलेलं बरं. ‘८९० म्हणजे भारतीय माल, ६९० म्हणजे चिनी’ हा संदेश दर दिवाळीला कुटुंबाच्या ग्रुपवर हमखास येतो. ८९० चा अर्थ एवढाच, की कंपनीने आपला क्रमांक बारकोड देणाऱ्या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतला. माल तिने शेनझेनमध्ये बनवून आणला तरी आकडा ८९० च राहतो. देशाभिमानाने खरेदी करायची असेल त्याने ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ ही ओळ वाचावी.

पाकिटाच्या दुसऱ्या प्रवासाबद्दल, म्हणजे ते रिकामं झाल्यानंतरच्या, कायदा उशिरा का होईना बोलू लागला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आले. जेवढं प्लास्टिक बाजारात आणलं तेवढ्याच्या विल्हेवाटीचा हिशेब कंपनीने द्यायचा. कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापरातलं प्लास्टिक वापरायचं आणि २०२८-२९ पर्यंत ते ६० टक्क्यांवर न्यायचं. जुलै २०२५ पासून वेष्टनाची माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडमधूनही देता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाखाली होणाऱ्या खोट्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘निसर्गस्नेही’ असे मोघम शब्द वापरले तर त्यांचा आधारही सांगा, असा त्यांचा आशय. विस्तारित जबाबदारीच्या हिशेबाची प्रमाणपत्रं मात्र कंपन्या विकत घेऊ शकतात. त्यातला किती पैसा प्रत्यक्ष पोतं उचलणारीच्या हातात पोचतो, यावर या नियमांची परीक्षा व्हायला हवी.

अशा मोघम शब्दांत सर्वांत फसवी ठरते ती ‘कंपोस्टेबल’ पिशवी. ती मक्याच्या पिठुळापासून बनलेली असली तरी तुळशीच्या कुंडीत विरघळत नाही. तिला औद्योगिक खतप्रकल्पातलं तापमान लागतं. बरं, ती दिसायला साध्या पिशवीसारखीच. साध्या पॉलिथिनच्या गठ्ठ्यात मिसळली तर तयार होणारा दाणा खराब करते. ओल्यातही नकोशी आणि सुक्यातही.

घरच्या पातळीवर करायचं काय, हा प्रश्न आता फारसा अवघड राहिलेला नाही. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणायच्या नव्या नियमांत ते चार आहेत. ओला, सुका, सॅनिटरी, आणि विशेष काळजीचा, ज्यात ट्यूबलाइट, सेल, जुनी औषधं, रंगाचे डबे वगैरे येतं. महाराष्ट्र-गोव्यातल्या लहान गावांनी याच्याही पुढे मजल मारली आहे. वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने घरोघरच्या वर्गीकरणाच्या जोरावर डंपिंग ग्राउंडचं चक्क पर्यटनस्थळ केलं. लोक तिथे नाक न धरता फिरतात. पणजीने सोसायट्यांमध्ये सुक्या कचऱ्याचे बारीक बारीक भाग पाडून एकूण सोळा प्रकारांचं वर्गीकरण सुरू केलं. उलट मुंबईत देवनारचा ढीग १९२७ पासून वाढत गेला. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला. सगळं एकत्र टाकलं की ओल्यातून मिथेन तयार होतो आणि सुकं त्याला सरपण पुरवतं.

सॅनिटरी कचऱ्यापुरतं सांगायचं तर २०१३ च्या त्या मोहिमेला अगदीच यश आलं नाही असं नव्हे. २०१६ च्या नियमांनी नॅपकिन आणि डायपर बनवणाऱ्यांना सोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याचं बंधन घातलं. तरी दारात येणारी बाई अजून अंदाजानेच पुडकं उचलते. म्हणून पुण्यात लाल ठिपक्याची पद्धत रूढ करण्याचा प्रयत्न झाला. नॅपकिन किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर पेनाने ठसठशीत लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की पुडकं उघडून पाहावं लागत नाही. फुटलेल्या काचेचंही तसंच, पुठ्ठ्यात बांधून वर ‘काच’ लिहावं. शाईची ही दोन सेकंदं कुणाच्या तरी बोटाचे टाके वाचवतात.

बाकी जगात यातलं काही काम पाकीटच करतं. जपानमध्ये २००१ पासून वेष्टनावर ते प्लास्टिकचं की कागदाचं याची खूण छापावी लागते. इटलीत २०२३ पासून वेष्टन कशाचं आणि ते कुठल्या कचऱ्यात टाकायचं हे सांगणं सक्तीचं आहे. झाकण वेगळ्या जातीचं असेल तर त्याचीही नोंद. आपल्या चिवड्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा एक छोटा माणूस डब्यात काहीतरी टाकताना दिसतो. कुठल्या डब्यात, हे तो सांगत नाही. वेफर्सच्या पाकिटावर ‘सुका कचरा, याला भंगारात भाव नाही’ असं छापण्याची वेळ आली, तर वेष्टन बदलायला कंपनीला फार वर्षं लागणार नाहीत.

तोवर पाकिटावरचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हे दोन्ही वापरायला मोकळे आहेत. वेष्टन कशाचं, ते परत घेण्याची काय सोय, हे विचारणारं पत्र तिथे पाठवता येतं. आणि मूळ देश, उत्पादकाचा पत्ता किंवा कमाल किंमत यातलं काही पाकिटावर नसेलच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.